बारकीचा पाय आणि इंद्रजितचं स्थळ

उत्रोली, ता. भोर
शुक्रवार, भात झोडून झाल्यानंतरचा पहिला निवांत दिवस

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांवर धाकट्या भावजयीचा, वनिताचा, डोकं टेकवून नमस्कार. (पाय मागं घेऊ नका, आधी पत्र पुरतं वाचा.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? वेल्ह्यात यंदा थंडी जास्त आहे असं ऐकते, कानाला बांधत जा. इकडं तुमचे बंधू खुशाल आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात आणि मधल्या वेळात माझ्यावर खेकसतात, त्यावरून तब्येत उत्तम असं मी धरते. इंद्रायणी या वर्षी बरी उतरली. पाच किलो सोबत पाठवली आहे. तिच्या वासानं माणसाचा राग निवळतो असा माझा अनुभव आहे, तेव्हा पत्र उघडायच्या आधी भात शिजत ठेवा. हे सगळं टेम्पोवाल्या कुमारच्या हाती दिलं आहे. तुम्ही शेवटच्या ओळीला पोचल्याशिवाय दारातनं हलायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. त्याला चहा द्या. पत्र मोठं आहे, दोनदा द्यावा लागेल.

हे मी फोनवरही सांगितलं असतं, पण गेले सोळा-सतरा दिवस माझं नाव दिसलं की तुमचा फोन व्यस्त होतो. मी रोज सकाळी पाठवते त्या सुप्रभातच्या फुलांवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. तुम्ही शेवटचं जे बोललात ते मला तोंडपाठ आहे. ‘वनिता, तुझ्या अंगात कधीपासून यायला लागलं गं?’ एवढंच विचारलंत आणि फोन ठेवलात. वन्सं, माझ्या अंगात येत नाही. सर्दी आणि ताप सोडून माझ्या अंगात आजवर काही आलेलं नाही. पण तुमच्या लेकाचं, आपल्या इंद्रजितचं, आंबवड्याचं स्थळ मोडलं, मुलीच्या आजीनं ‘देवीचा कौल आला न्हाई’ असा निरोप धाडला, तो कौल एसटीत एका मोकळ्या केसांच्या बाईनं दिला, बाईच्या मांडीवर परडी होती आणि परडीवर हिरवा खण होता, हे जे तुमच्या कानावर आलं आहे ते सगळं खरं आहे. ती बाई मी. खण तुम्ही मला गौरीला दिलेला. परडीत मात्र देवी नव्हती, मांजराचं पिल्लू होतं. इंद्रजितला चौतिसावं लागलं (बाहेर मी तीसच सांगते, काळजी करू नका), त्याचं हे नववं स्थळ, आणि ते माझ्या मांडीवर मोडलं. मला याचं फार वाईट वाटतं. दोन दिवस घास उतरला नाही. मोडलेलं जोडता आलं तर बघावं म्हणून हे लिहायला बसले, पण त्यासाठी मला मांजराच्या पायापासून सुरुवात करावी लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारच्या सोनबाच्या पेंढ्यात एक मांजरी व्याली, तिथून ती पिल्लं घेऊन दोन घरं हिंडली आणि चौथं घर म्हणून आमच्या माळ्यावर बियाण्याच्या पोत्यांमागं येऊन राहिली. मला पत्ताच नाही. तुमच्या बंधूंना मांजर या प्राण्याचा किती तिटकारा आहे ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं आहे, आणि हा प्राणी त्यांच्या डोक्यावर दहा हातांवर चार दिवस नांदत होता. मंगळवारी सकाळी मांजरीनं पाचव्या घरी जायचं काढलं. दोन पिल्लं तोंडात धरून नेली. तिसरं सगळ्यांत लहान, कापसासारखं पांढरं, त्याला दम निघाला नाही, ते आपलंच आढ्यावरून चालत निघालं. खाली तुमचे बंधू खांबाला आरसा टांगून, स्टुलावर बसून केसांना कलप लावत होते. (हे मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना सांगू नका. केस अजून मूळचे काळे आहेत असं त्यांचं गावात म्हणणं आहे.) पिल्लू घसरलं ते थेट त्यांच्या ओल्या डोक्यावर, तिथून निसटलं ते फरशीवर. तुमच्या बंधूंनी वर पाहिलं नाही की खाली पाहिलं नाही, ‘बिबट्या, बिबट्या’ म्हणून ओरडत अंगणात धावले, आणि सबंध आळीनं दारं लावून घेतली. मी मोरीत न्हात होते. ओल्या केसांनी बाहेर आले तर फरशीवर अर्धं पांढरं, अर्धं काळं असं मूठभर पिल्लू, मागचा उजवा पाय हवेत धरून, तोंड उघडून ओरडत होतं आणि आवाज फुटत नव्हता.

बिबट्याचा खुलासा झाल्यावर आळीनं दारं उघडली आणि सगळी आळी उपचार करायला आमच्या ओट्यावर आली. सोनबानं जन्मभर बैलांचे पाय पाहिलेले. त्यानं पिल्लाकडं लांबूनच पाहून निकाल दिला की डाग द्यावा लागेल, आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्याच चुलीत माझाच विळा तापत घातला. पलीकडची बनाबाई म्हणाली की डागबीग काही नको, तेल चोळून पाय एकदा कट्‌दिशी ओढायचा, आपोआप बसतो, तिनं तिच्या सासऱ्याचा असाच बसवला होता. (तिचे सासरे त्यानंतर काठी घेऊन चालायचे हे तुम्हाला आठवत असेल.) तिसऱ्या कुणी बांबूच्या कामट्या तासायला घेतल्या, त्या बघून मला वाटलं यांना पिल्लाचा पाय बांधायचा आहे की मांडव घालायचा आहे. मी विळा चुलीतनं काढून पाण्यात टाकला आणि सगळ्यांना वाटेला लावलं. तुमचे बंधू तोवर डोक्यावर टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसले होते. एकाएकी उठले, स्वतःच्या कंबरेच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि अर्धी गोळी मोडून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, बारकी आहे, अर्धी बास. त्या ‘बारकी’वरून तिचं नाव बारकीच पडलं. ती गोळी मी, वन्सं, माझ्या हातानं कुटली आणि दुधात कालवून तिच्यापुढं ठेवली. बारकीनं धडपडत वाटीत पाय घातला आणि वाटी उपडी केली. मी तिच्यावर रागावले. म्हटलं, एवढं चांगलं औषध सांडलंस.

मग भोरला न्यायचं ठरलं. स्टँडामागं जनावरांचा नवा दवाखाना निघाला आहे तो मला ठाऊक होता. आता यातलं एकेक नीट ध्यानात घ्या, म्हणजे माझी चूक किती आणि योगायोग किती ते कळेल. पिल्लाला हादरे बसू नयेत म्हणून मी वेताची पसरट परडी घेतली, कारण घरात दुसरं त्या मापाचं काही नव्हतं. खाली जुन्या लुगड्याची घडी घातली. तिनं उडी मारू नये म्हणून वरून खण बांधला, आणि कपाटात सगळ्यांत वर तुमचा हिरवा खण होता. बांधायला सुतळी सापडेना, देव्हाऱ्यातला लाल दोरा सापडला. माश्या बसू नयेत म्हणून वर लिंबाचा टाळा खोचला. केस ओले होते म्हणून मोकळेच ठेवले, वाटेत वाळतील म्हटलं. कुंकू लावताना हात घाईत हलला आणि ते कपाळभर झालं. वार मंगळवार. आणि गाडी आली ती आंबवड्याकडून, देवीच्या वाटेवरची, बायांनी गच्च भरलेली. मी पायरीवर चढले आणि अख्ख्या गाडीनं मला हात जोडले. मला वाटलं, लोक किती सुधारलेत, जनावराची कदर करतात.

लगेच खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, त्यानं परडीला हात लावून कपाळाला लावला आणि पुढं गेला. शेजारच्या बाईनं पदराची गाठ सोडून परडीवर हळद-कुंकू वाहिलं, ते खणातनं आत झिरपलं. मागून तांदूळ आले. कुणी तरी खोबऱ्याची वाटी ठेवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ‘अहो, यात देवी नाही’ असं सांगायला तोंड उघडलं, आणि उघडलेल्या तोंडात त्या बाईनं प्रसादाची खडीसाखर टाकली, खडा केवढा म्हणाल तर आवळ्याएवढा. तो गालात धरून बोलता येईना, थुंकता येईना. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, पण पुढं पेंढ्याचा टेम्पो आडवा झालेला, गाडी जागची हलेना, आणि लोकांना वेळच वेळ. गेनबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी विचारलं की हरवलेली म्हैस गावंल का. बारकी म्हणाली, म्याव. गाडीनं तो होकार धरला. (म्हैस त्याच संध्याकाळी त्यांच्याच उसात सापडली. माझं नाव खोऱ्यात कसं पसरलं ते आता कळलं का?) त्यानंतर एकीनं बोअर कुठं मारू ते विचारलं, एकीनं सासू कधी बोलायला लागेल ते विचारलं. बारकी ज्याला त्याला म्याव म्हणत होती. पाय दुखत होता बिचारीचा. ती ओरडली की मला आत कळ यायची आणि गाडी आनंदानं हात जोडायची.

मग पुढच्या बाकावरची एक सुरकुतलेली, नाकात मोठी नथ घातलेली म्हातारी माझ्याकडं वळली. हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, नातीला वेल्ह्याचं ठिकाण आलंया. पोराचं हार्डवेअरचं दुकान हाय, आईचं नाव धोंडाबाई. द्यावी का न्हाई, तेवढं सांगा.’ वन्सं, धोंडाबाई म्हणजे तुम्हीच की. ती आंबवड्याची फुलाबाई. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाव-गाव-दुकान सगळं आपलंच. मी मनात म्हटलं, बारके, माझी आई, आता ओरड. आणि बारकी गप्प. गाडी उभी, ऊन मांडीवर, परडी उबदार, ती झोपी गेली होती. मी परडी हळूच हलवली. गप्प. खणाखालनं बोट घालून कानाला लावलं. गप्प. फुलाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा हलवली, जरा जास्तच, तर लोक म्हणाले, वारं यायला लागलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते बघवेना. मग मी एक केलं, ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. मी स्वतः म्याव केलं. तोंड न उघडता, घशातल्या घशात. पण खडीसाखर अजून विरघळायची होती. जो आवाज निघाला तो मांजराचा नव्हता, ठसका लागलेल्या रेड्याचा होता. मागच्या बाकावरून कुणी तरी खात्रीनं सांगितलं, ‘न्हाई म्हनली.’ फुलाबाईनं पदर डोळ्याला लावला, परडीच्या पाया पडली आणि स्टँडवर माझ्या आधी उतरून निघून गेली. मी हाक मारेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली.

दवाखान्यात गेले तर निळा कोट घातलेली, केसांत पेन खोचलेली एक मुलगी टेबलामागं होती. तिनं खण सोडला आणि तिचा चेहराच उतरला. ‘काकू, केवढं रक्त गेलंय,’ म्हणत कापूस घेऊन धावली. बारकी शेंडीपासून शेपटीपर्यंत लाल. पुसलं तर खालून पिवळं निघालं, ते पुसलं तर तांदूळ निघाले, ते झाडले तर कलप निघाला. मुलीनं कापसाचा वास घेतला, मोकळ्या केसांच्या माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता नोंदवही ओढली. छापील रकाने होते. रंग कोणता, तिथं तिनं इतके रंग लिहिले की ओळ संपली. कानातला बिल्ला नंबर, नाही. दिवसाला दूध किती देते, म्हणून तिनं सवयीनं विचारलं आणि मीही सवयीनं सांगितलं की देत नाही, पिते. तेव्हा ती मान खाली घालून हसायला लागली ती थांबेचना, आणि सकाळपासून पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग डॉक्टरांनी येऊन पाय बोटांनी अलगद चाचपला. हाड चिरलंय, सरकलेलं नाही, असं म्हणाले. लहान जिवाचं हाड लवकर सांधतं, पण तीन आठवडे खोक्यातनं बाहेर काढायचं नाही, उड्या बंद. त्या मुलीनं मऊ कापूस गुंडाळून अशी नेटकी पट्टी बांधली की बघत राहावं. बांधता बांधता सांगत होती, पाय ओढायचा नाही, तेल चोळायचं नाही, घरी कामट्या बांधायच्या नाहीत, डाग तर नाहीच नाही, उबेला ठेवायचं, आणि बोटं सुजली किंवा गार पडली तर तसंच उचलून आणायचं. मी कौतुकानं सांगितलं की आम्ही यातलं काही केलं नाही, फक्त कंबरेची अर्धी गोळी दिली होती, तीही सांडली. तिचा हात थांबला. म्हणाली, ‘काकू, माणसाची दुखण्याची गोळी मांजराला विष असती. अर्धी लांब राहिली, पाव गेली असती तरी संपलं असतं.’ मी तिथंच खाली फरशीवर बसले. वन्सं, मी फार रडले. मी चांगलंच करायला निघाले होते की. त्या मुलीनं मला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि बारकी माझ्या मांडीवर ठेवली. अशी गुणाची पोर. मी मनात म्हटलं, आपल्या इंद्रजितला अशी मिळाली असती तर. मला काय ठाऊक.

घरी आल्यावर तुमच्या बंधूंनी टीव्हीचा खोका कापला. पहिल्या दिवशी तो खोका गोठ्यात होता, दुसऱ्या दिवशी ओट्यावर, तिसऱ्या दिवशी त्यांच्या पलंगाखाली. मी विचारलं, तुम्हाला तर घरात मांजर चालत नाही? तर म्हणाले, ही कुठं चालतीय, पडून तर आहे. दर तासाला उलट्या हातानं तिच्या पायाची बोटं गरम आहेत का बघतात. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला एवढ्या वेळा विचारलेलं नाही. मांजरी पाचव्या घरून सकाळ-दुपार येऊन हिला पाजून जाते, तेव्हा हे तोंड भिंतीकडं करून झोपल्याचं सोंग घेतात आणि त्याआधी खिडकी उघडी ठेवायला विसरत नाहीत. मुलीनं सांगितलं होतं की गाईचं दूध नको, पोट बिघडतं, उकडलेलं कोंबडीचं मांस बारीक करून द्या. त्यामुळं एका गुरुवारी, कपाळाला बुक्का लावून, तुमचे माळकरी बंधू कोंबडी कुस्करताना मी पाहिले. तुम्हीही पाहायला हवे होते.

आठ दिवसांनी पुन्हा दाखवायला नेलं. या वेळी केस घट्ट बांधले, परडी उघडी ठेवली, लिंबाचं पानसुद्धा जवळ घेतलं नाही आणि कुमारच्या टेम्पोतनं गेले. दवाखान्यात बाकावर डबा घेऊन कोण बसलं असेल? फुलाबाई. मला पाहताच उठली आणि भर दवाखान्यात माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, ‘वेल्ह्याला न्हाई म्हनून कळवलं बगा, तुमी सांगितल्यापरमानं.’ आणि आतनं ती निळ्या कोटातली मुलगी हात पुसत आली आणि म्हणाली, आजी, याच त्या मांजरवाल्या काकू. म्हणजे ती अश्विनी. ती फुलाबाईची नात. आपण जिचा फोटो पाहून ‘डोळे शांत आहेत’ म्हटलं होतं तीच. (फोटोत काय कळतं? कोट नव्हता, पेन नव्हतं.) बारकी तोवर परडीच्या काठावर पुढचे पाय ठेवून फुलाबाईकडं टकामका बघत होती. फुलाबाईनं परडी पाहिली, बारकी पाहिली, मला पाहिलं.

मी ठरवलं, आता लपवायचं नाही. सगळं सांगितलं. परडीत हीच होती, पाय दुखत होता म्हणून ओरडत होती, तुमच्या वेळेला झोपली होती. मला वाटलं, खरं कळल्यावर म्हातारी चिडेल, चार शिव्या देईल, पण स्थळ तरी परत जुळेल. ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, देवी कुणाच्याबी तोंडानं बोलती, मांजर गप राहिलं हाच कौल. मी म्हटलं, अहो, तो शेवटचा आवाज तर माझा होता, मी मुलाची सख्खी मामी, माझ्या मनात तर हे लग्न व्हावं असंच आहे. त्यावर तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, ‘मुलाच्या मामीच्याच तोंडातनं न्हाई निघालं, मग तर इचारायलाच नगं.’ सांगा आता. जितकं खरं बोलत गेले तितकं स्थळ जास्त मोडत गेलं. अश्विनी पाठमोरी होऊन औषधांच्या फळीशी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं पोर रडतेय. पुढं जाऊन पाहिलं तर तोंडात पदराऐवजी कोटाची बाही कोंबून हसत होती.

तर असं हे झालं. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. चूक माझी, तुम्ही रागवायला मोकळ्या आहात, आणि इंद्रजितला माझ्या वतीनं सांगा की मामीनं जाणून काही केलं नाही. माझं तुमच्याकडं काही मागणं नाही. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांच्या पाठीवरून हात फिरवा, आणि गुडघ्याला फार ताण देऊ नका.

तुमची, पाय धरून बसलेली,
वनिता

ता. क. : एक मागणं आहे. तुम्हाला वाटलं असेल मी त्या दिवशी तशीच परत आले. नाही. मी फुलाबाईच्या शेजारी बाकावर बसून राहिले, तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि तिचं डोकं खाल्लं. शेवटी ती एवढ्यावर आली की जिनं न्हाई म्हटलं तिनंच व्हय म्हणावं. येत्या मंगळवारी अकराला दवाखान्यात बारकीची पट्टी सोडायची आहे. इंद्रजितनं बाकावर बसायचं, बारकीला चार हात लांब जमिनीवर ठेवायचं, आणि ती आपल्या पायांनी त्याच्याकडं गेली तर उजवा कौल. मग फुलाबाई स्वतः साडी घेऊन वेल्ह्याला येईल. तेव्हा मुलाला दुकान बंद करून पाठवा. मुलीला भेटायचं आहे असं सांगू नका, मागच्या स्थळाच्या वेळेसारखा पोह्यांच्या बशीत बघत बसेल. मामीच्या मांजराला धरायला माणूस हवा आहे, एवढंच सांगा.

ता. क. २ : त्याच्या उजव्या खिशात सुकट ठेवा, कागदात बांधून, पण वास बाहेर येईल अशी. त्याला मांजराची भीती वाटते हे मला ठाऊक आहे, म्हणून शेजारी तुमचे बंधू बसणार आहेत. फुलाबाईला हे कळायची गरज नाही, कारण देवीनं कुणाच्या तोंडानं बोलायचं हे ठरवलं तर कशाच्या वासानं बोलायचं हेही तीच ठरवणार. आम्ही अंगणात तालीम घेतली. तुमचे बंधू इंद्रजित झाले होते. चार वेळा सोडली, चारही वेळा बारकी पळत जाऊन त्यांच्या खिशात शिरली.

ता. क. ३ : पाय मोडलेलं मांजर पळत कसं गेलं, असं तुमच्या मनात आलंच असेल. तुमच्यापासून काय लपवायचं? अश्विनी परवा सोनबाची म्हैस बघायला उत्रोलीत आली होती, तशी आमच्याकडं डोकावली आणि पट्टी सोडून बघितली. पाय ठणठणीत झाला आहे. बारकी तिच्या हातातनं सुटून तुमच्या बंधूंच्या खांद्यावर जाऊन बसली. मी म्हटलं, चला, देवाची कृपा, म्हणजे मंगळवारचा हेलपाटा वाचला, इंद्रजितलाही यायचं कारण उरलं नाही. अश्विनीनं हात धुतले, पिशवीतनं नवी पट्टी काढली, बारकीला मांडीवर घेतलं आणि होती तशी पुन्हा बांधून टाकली. ‘मंगळवारी आणा काकू, त्यांनापन येऊ द्या,’ म्हणाली आणि गाडीला किक मारली. ती गेल्यावर पाहिलं, तर पट्टी चांगल्या पायाला बांधलेली. इंद्रजितनं सुकट नाही आणली तरी चालेल.